मामंजींची चिमूट आणि टाकीतला प्रवाह

श्रोतेहो, नमस्कार. घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी असलेल्यांशी, किंवा ती आणण्याच्या विचारात असलेल्यांशी, आज मला पाण्याच्या प्रवाहाविषयी बोलायचे आहे. मीठ किती घालावे आणि तापमान किती ठेवावे हे आपण जाणता. टाकीतले पाणी फिरते कसे ठेवावे, याकडे मात्र आपले लक्ष टाकी बिघडल्यावरच जाते.

माझेही तसेच झाले. आमची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे, म्हणजे तिच्यात साधारण 190 लिटर पाणी मावते. तिच्यात खडक आहेत आणि विदूषक माशांची एक जोडी आहे. प्रवाळ मात्र नाहीत, कारण आपल्याकडचे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि ते समुद्रातच शोभतात, असे मला वाटते. तर या टाकीत मोठ्या खडकामागे वाळूवर एक लाल, चिकट थर धरू लागला. तो दिसतो शेवाळासारखा, पण असतात ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. दुकानदार म्हणाले, मोठा पंप लावा. मी लावला. दुसऱ्या दिवशी पाहते, तर पुढची वाळू उडून काचेचा तळ उघडा पडला होता, मासे एका कोपऱ्याला चिकटून बसले होते आणि खडकामागचा लाल थर जिथल्या तिथे होता.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसले होते. त्यांचे सारे तरुणपण सांगलीला कृष्णेच्या घाटावर पोहण्यात गेले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “अगं, आयर्विन पुलाच्या खांबामागं कधी बघितलंस का? पाणी खांबावर आदळतंय, दोन्ही अंगानं निघून जातंय आणि मागं नुसतं गोल गोल फिरत राहतंय. गाळ तिथंच बसायचा. तू समोरून कितीही पाणी सोड, खडकाच्या पाठीला ते लागणारच नाही.”

1929 साली खुल्या झालेल्या त्या पुलावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण खाली वाकून पाहिले नव्हते. (हल्लीची मुले तरण तलावात पोहायला शिकतात आणि तिथले पाणी हलतच नाही, म्हणून त्यांना पाण्याचा स्वभाव कळत नाही, असे माझे जुने मत आहे. असो.) मामंजींनी माशांच्या खाद्याची एक चिमूट पंपासमोर सोडायला सांगितली आणि आम्ही विजेरी धरून पाहत राहिलो. काही कण वेगाने काचेपर्यंत गेले, काही खडकाला वळसा घालून मागे शिरले, तिथे दोन-चार गिरक्या घेतल्या आणि नेमके त्या लाल थरावर जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी आम्ही खडक मागच्या काचेपासून चार बोटे पुढे ओढला, मोठा पंप काढला आणि दोन लहान पंप दोन्ही टोकांना समोरासमोर बसवले. हरिपूरच्या संगमावर वारणा कृष्णेला मिळते तिथे पाणी कसे घुसळते, तसे ते टाकीच्या मध्यावर घुसळले पाहिजे, अशी मामंजींची अट होती. थर नळीने ओढून काढला, खाद्यही कमी केले, कारण उरलेले अन्न कुजले की या जिवाणूंचे फावते. तीन आठवड्यांत वाळू पुन्हा पांढरी दिसू लागली.

आता आकड्यांचे थोडक्यात सांगते. मासे आणि खडक एवढेच असलेल्या टाकीत, तिच्यात मावते त्याच्या किमान दहापट पाणी तासाभरात फिरावे. म्हणजे आमच्या टाकीत सुमारे 1,900 लिटर. पुन्हा सांगते, टाकीच्या दहापट, दर तासाला. मात्र हा आकडा गाठला म्हणजे काम झाले असे नव्हे, कारण प्रवाह किती आहे याइतकेच तो कुठे पोहोचत नाही हे पाहावे लागते. एका पंपाचे तोंड किंचित वर ठेवावे, म्हणजे पृष्ठभाग हलता राहून हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. कोमट खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. म्हणूनच वीज गेली की टाकी संकटात येते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्यावा. ज्यांच्या टाकीखाली गाळणीची दुसरी टाकी आहे, त्यांनी पाणी वर आणणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक छिद्र पाडावे आणि ते बुजू देऊ नये. नाहीतर पंप थांबताच वरचे पाणी उलट खाली येते आणि फरशीवर पसरते.

पंपांवर चुनखडीचा थर बसून त्यांचा जोर नकळत कमी होतो, म्हणून दोन महिन्यांतून एकदा ते पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून, स्वच्छ धुऊन पुन्हा बसवावेत. आमच्याकडे तो जोर मामंजी तपासतात. दर रविवारी ते विजेरी घेऊन टाकीसमोर बसतात आणि खाद्याची चिमूट सोडतात. पण अलीकडे मासे त्यांना ओळखू लागले आहेत आणि कण खडकामागे पोहोचण्याआधीच फस्त करतात.