लिव्हर फ्लूक : रक्त काय सांगतं, शेण काय सांगतं

जायकवाडीचा डावा कालवा परभणीपर्यंत येतो. तो जिथे पाझरतो, तिथे साचलेल्या उथळ पाण्यात लिम्निया जातीच्या गोगलगाई पोसतात. लिव्हर फ्लूक म्हणजे यकृतात राहणारा चपटा कृमी. त्याची पिल्लं या गोगलगाईच्या अंगात वाढतात, बाहेर पडून गवताला चिकटतात आणि चरताना म्हशीच्या पोटात जातात. आपल्याकडचा फ्लूक मुख्यतः फॅसिओला जायजँटिका.

पिल्लू आतडं भेदून यकृतात शिरतं, ते पोखरत पित्तनळीत पोचतं आणि मग अंडी घालू लागतं. याला तीन ते चार महिने लागतात. तोवर म्हैस खंगते, दूध आटतं, आणि शेणाचा रिपोर्ट मात्र ‘अंडी नाहीत’ असाच येतो. रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे फ्लूकशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं (अँटिबॉडी), दोन ते चार आठवड्यांतच दिसू लागतात. रक्त तपासायचं ते यासाठी.

[दृश्य : मानेच्या शिरेतून रक्त घेताना]

५ मिली रक्त पुरतं. नळी साध्या लाल झाकणाची हवी. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठतच नाही. नळी सावलीत तिरपी ठेवा, तासाभरात गुठळी धरते. मग सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, काढून घ्या. बहुतेक नमुने प्रयोगशाळेत पोचण्याआधीच बिघडतात : ओली सिरिंज, जोरात ओढलेला दट्ट्या, मोटारसायकलच्या डिक्कीतले हिसके, मे महिन्याचं ऊन. सीरम लालसर दिसलं की नमुना पुन्हा घ्या. लगेच तपासणी होणार नसेल तर उणे २० अंशांवर ठेवा.

सीरममधली प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासणीला एलायझा म्हणतात. तिच्या प्लेटला ९६ खळगे असतात. त्यांच्या तळाशी फ्लूकची प्रथिनं चिकटवलेली असतात. पातळ केलेलं सीरम त्यात घालून प्लेट ३७ अंशांवर ठेवतात, मग धुतात. प्रतिपिंडं असतील तर तळाला धरून राहतात. त्यांना चिकटणारं एन्झाइम जोडलेलं द्रावण घालून पुन्हा धुतात, शेवटी एन्झाइमनं रंग धरणारं द्रव्य; खळगा रंगला तर प्रतिपिंडं आहेत. यात खरी परीक्षा धुण्याची असते. थोडं द्रावण उरलं तरी निरोगी जनावराचा खळगाही रंगतो. म्हणून प्रत्येक प्लेटवर ज्ञात बाधित आणि ज्ञात निरोगी सीरम हवंच. निरोगीचा खळगा रंगला तर आख्खी प्लेट रद्द.

आता अडचणीचा भाग. फ्लूक मेला तरी प्रतिपिंडं कित्येक महिने टिकतात. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ बाधा झाली होती, आज आहेच असं नाही. वासरात आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडंही दिसतात. शिवाय आपल्या भागात रुमेनमधले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) चपटे कृमी सर्रास आढळतात, आणि फ्लूकचा कच्चा अर्क वापरलेली प्लेट त्यांनाही दाद देऊ शकते. फ्लूकचं निवडक प्रथिन वापरलेली प्लेट अधिक भरवशाची.

म्हणून सोबत शेण पाठवा. ही अंडी जड असतात, वर तरंगत नाहीत; गाळ बसवून पाहावी लागतात. फ्लूकचं अंडं सोनेरी पिवळं, रुमेनमधल्या कृमीचं जवळजवळ बिनरंगाचं.

रक्त पॉझिटिव्ह आणि शेण स्वच्छ असेल, तर यकृतात कोवळे फ्लूक असू शकतात. ऑक्सिक्लोझानाइड हे औषध मुख्यतः मोठ्या फ्लूकवर चालतं, ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांवरही. मात्रा पशुवैद्यकानेच वजन पाहून ठरवावी. म्हशीची आणि मेंढीची सारखी नसते. औषधाचा गुण पाहायला तीन आठवड्यांनी शेण तपासा, रक्त नको. नळीवर बिल्ला क्रमांक आणि रक्त घेतल्याची तारीख लिहा, आणि मागचं जंताचं औषध कोणतं, कधी दिलं, तेही.