डेकवर उभी असलेली माणसं

[दृश्य : कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी, फौंड्रीत ओतकाम सुरू]

लोखंडाचा रस, साधारण 1400 अंश. ओतणारा कुठं उभा आहे, बघा. अंतर त्याच्या अंगवळणी पडलंय. आता हीच आच वरून, कान फाडणाऱ्या आवाजासकट खाली आली तर?

[दृश्य : युद्धनौकेचा डेक]

3 ऑक्टोबर 2011. अमेरिकेच्या 'वॉस्प' नौकेवर एफ-35बी हे लढाऊ विमान पहिल्यांदा सरळ खाली उतरलं. त्या महिन्यात दोन विमानं मिळून 72 वेळा अशी उतरली. परीक्षा विमानाची होती, तशीच डेकचीही. आणि डेकवरच्या माणसांचीही.

वैमानिकाच्या मागचा मोठा पंखा थंड हवा खाली ढकलतो. शेपटीकडचं नळकांडं खाली वळतं आणि इंजिनाचा तापलेला झोत थेट डेकवर आदळतो. पंख्याची हवा या गरम वायूला पुढं सरकू देत नाही. तो इंजिनाच्या तोंडात शिरला, तर ऐन उतरताना जोर कमी व्हायचा.

डेकवरचा नेहमीचा खरखरीत रंग हा झोत फार दिवस सोसत नाही. म्हणून ब्रिटनच्या 'क्वीन एलिझाबेथ' या विमानवाहू नौकेच्या डेकवर ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम वितळवून फवारलंय. हा थर 1500 अंशांपर्यंत टिकतो, असं तिथलं नौदल सांगतं.

डेकचं भागलं. माणसाच्या कानाचं काय?

आपल्या कारखान्यांत आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबलची. (ती किती शेडमध्ये पाळली जाते, हा वेगळाच विषय.) डेकवर जेटजवळ आकडा 140 च्या वर जातो. डेसिबलचं गणित फसवं असतं : दहानं वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. पन्नासनं वाढ म्हणजे एक लाख पट! म्हणून हे खलाशी कानात बोळे घालतात आणि वरून हेल्मेटची जाड कानझाकणंही लावतात. तरीही दोन्ही मिळून जेमतेम तीस-पस्तीस डेसिबल अडतात. उरलेलं काम अंतराचं. बोलणं हातवाऱ्यांनी, कोण काय करतो ते जर्सीच्या रंगावरून. पिवळा विमानाला दिशा देणारा, जांभळा इंधनवाला.

विमानं उडायच्या आधी सगळे एका रांगेत डेक पालथा घालतात. सुटा नट, तारेचा तुकडा, काहीही. झोतानं उडालेला नट गोळीसारखा लागतो.

भारतीय नौदलानंही हे अनुभवलंय. अशीच सरळ खाली उतरणारी सी हॅरियर विमानं 1983 पासून 2016 पर्यंत सेवेत होती, तळ आपल्या शेजारच्या गोव्यात. आजच्या 'विक्रांत'वर मिग-29के हे लढाऊ विमान सरळ खाली उतरत नाही. शेपटीचा आकडा डेकवरच्या पोलादी तारेत अडकवून थांबतं. तिथल्या खलाशांना धास्ती ताणलेली तार तुटण्याची.