वाळूच्या बिलात नदी कुठे आहे?

नमस्कार. सुरुवात एका हिशोबाने करतो, घाबरू नका, सोपा आहे. एक घनमीटर काँक्रीट म्हणजे मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच असा ठोकळा. वजन साधारण २४०० किलो. त्यात सिमेंट किती? तीनशे-चारशे किलो. पाणी पावणेदोनशेच्या आसपास. उरलेलं सगळं खडी आणि वाळू. आपण उठसूट सिमेंटचं जंगल म्हणतो ना, ते खरं तर खडी-वाळूचं जंगल आहे, सिमेंट नुसतं डिंकाचं काम करतं.

तरी पर्यावरणाची चर्चा निघाली की सगळा वेळ सिमेंटच खातं. चूक नाही ते, जगात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के सिमेंटचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त तर चुनखडी भाजताना त्या दगडातूनच निघतो, म्हणजे भट्टी कशावरही चालवा, तो निघणारच. पण आज मला बोलायचंय ते उरलेल्या जवळजवळ दोन हजार किलोंबद्दल.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२चा एक अहवाल आहे, त्यात म्हटलंय की जगात वर्षाला ५० अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते. आकडा डोक्यात बसत नाही म्हणून त्यांनीच तुलना दिली, २७ मीटर उंच, २७ मीटर रुंद भिंत, पृथ्वीभोवती पूर्ण गोल. दरवर्षी एक. पाण्याच्या खालोखाल माणूस सगळ्यात जास्त हेच वापरतो.

आता कोणी म्हणेल, वाळवंटं भरून वाळू पडलीय, तिकडून आणा की! नाही चालत. वाऱ्याने घासून घासून ते कण गुळगुळीत गोल झालेले असतात, शिवाय फार बारीक, एकमेकांना धरत नाहीत. नदीच्या वाळूला कोपरे असतात, हातात चोळून बघा, टोचते. हे टोचणंच आपण विकत घेतो.

पण पैसे कशाचे देतो? खोदाईचे, डिझेलचे, डंपरच्या फेरीचे, थोडी रॉयल्टी, आणि मधल्या लोकांचे. डोंगर फोडून, शेकडो किलोमीटर वाहून, धुऊन, चाळून नदीने जो माल तयार केला त्याची मजुरी शून्य. रॉयल्टी सरकार घेतं, नदीकडे काही परत जात नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे खरं तर, की बिलात जे नाही ते कोणीतरी भरतंच आहे, फक्त भरणारा माणूस वेगळा आहे.

नदीत खड्डा पडला की काय होतं ते जरा नीट बघू, कारण लोकांना वाटतं पुरात खड्डा भरून निघतो, झालं. भरतो, पण कुठल्या वाळूने? वरून येणारी वाळू त्या खड्ड्यात अडकते आणि पुढे जातं ते पाणी रिकाम्या हाताने जातं. त्याच्यात वाहून न्यायची ताकद शिल्लक असते, मग ते खालच्या अंगाचा तळ आणि काठ खायला लागतं. वरच्या अंगाला वेगळीच गंमत, खड्ड्याची कड ढासळत ढासळत प्रवाहाच्या उलट दिशेने सरकते. म्हणजे तुम्ही उपसा इथे केला आणि पाया उघडा पडला वर कुठेतरी असलेल्या पुलाचा.

पोर्तुगालमध्ये दौरू नदीवर हेच झालं. हिंत्झे रिबेरो नावाचा एकोणिसाव्या शतकातला पूल, ४ मार्च २००१च्या रात्री त्याचा एक खांब खचला, एक बस आणि तीन गाड्या नदीत, ५९ माणसं गेली. चौकशीत निघालं की वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने खांबाखालचा तळ खाऊन टाकला होता. मंत्र्याने राजीनामा दिला. पुढे इंजिनियर लोकांवर खटला चालला, ते निर्दोष सुटले. आता त्या ५९ माणसांची किंमत कुठल्या वाळूच्या पावतीवर लिहायची? एका डंपरने कोणाचा पूल पडत नाही हो, म्हणून कुठल्याच डंपरला जबाबदार धरता येत नाही.

आणि पूल पडला तर निदान बातमी होते. विहीर आटली तर तीही होत नाही. नदीतला वाळूचा थर म्हणजे पाण्याची टाकी, शंभर लिटर वाळूत तीसेक लिटर पाणी सहज मावतं. थर काढला, तळ दोन-तीन मीटर खाली गेला की दोन्ही काठांच्या विहिरींचं पाणी त्या खोलगटाकडे ओघळतं. लोक म्हणतात पाऊस कमी झालाय, आणि कर्ज काढून बोअर आणखी खोल घेतात.

बरं, बंदी घातली तर? सिंगापूर स्वातंत्र्याच्या वेळी ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, आज ७३०च्या वर आहे, समुद्रात भर टाकून वाढवलेलं. भर आली शेजाऱ्यांकडून. इंडोनेशियाने २००३मध्ये समुद्री वाळूची निर्यात थांबवली, २००७मध्ये जमिनीवरच्या वाळूचीही, मग कंबोडियाच्या नद्या उपसल्या गेल्या, २०१७मध्ये त्यांनीही बंद केलं. चीनने यांगत्से नदीतल्या उपशावर बंदी आणली तर ड्रेजर, म्हणजे तळातली वाळू उपसणारी जहाजं, पोयांग तलावात गेले, आणि उपशामुळे तलावाच्या तोंडाशी पात्र इतकं खोल झालं की कोरड्या दिवसांत पाणी आधीच निघून जायला लागलं. एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगतं. म्हणून वाळूमाफियाला शिव्या घालून मला समाधान मिळत नाही, तो गुंड आहे हे खरंच, पण तो वाळू खात नाही, आपल्यालाच विकतो.

आता नदीतून डोंगरावर या. एका खाणीजवळच्या घरात गेलो होतो, तिथल्या बाईंनी भिंतीतली भेग दाखवली. भेगेच्या टोकाला पेन्सिलची बारीक रेघ आणि शेजारी तारीख. तिच्यापुढे दोन बोटांवर दुसरी रेघ, दुसरी तारीख. अशा सात. सुरुंग उडाला की त्या जाऊन बघायच्या, सरकली असेल तर नवी रेघ. खाणवाले म्हणाले, तुमचं बांधकामच कच्चं. असेलही! पण कच्चं घर असलं म्हणून ते हलवायचा परवाना मिळतो का?

दगड फोडून खडी करणाऱ्या क्रशरची धूळ तर विचारूच नका, म्हणजे पांढरी झालेली झाडं दिसतात ती नव्हे, ती नाकातच अडकते. मारते ती न दिसणारी, काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी, दगडातली सिलिका, फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे व्रण होत राहतात. सिलिकोसिस. बरा होत नाही, टीबीचा धोका वाढवतो. तोंडावरच्या रुमालाने ही धूळ थांबत नाही. पाणी मारत दगड फोडला तर ती बरीच खाली बसते, तंत्र जुनं आणि स्वस्त आहे. पण आजार दिसायला बहुतेकदा दहा-वीस वर्षं लागतात, तोवर माणूस चार मुकादम बदलून गेलेला असतो, कागद एकाचाही नाही. भरपाई कोणाकडे मागणार? ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून किचन ओट्याच्या कृत्रिम दगडावर बंदी घातली, कारण तो कापणारे तरुण कारागीर आजारी पडत होते. तिथे डॉक्टरांनी तपासण्या लावल्या, नोंदी झाल्या, म्हणून दिसलं. नोंदच नसेल तिथे आजारही नसतो, कागदोपत्री.

उपाय काय, असं शेवटी विचारतातच, म्हणून आधीच सांगतो. कृत्रिम वाळू चांगली आहे, नदी वाचते, पण ती दगड दळूनच होते, म्हणजे खर्च नदीवरून डोंगरावर आणि त्या क्रशरवाल्या पोराच्या छातीवर गेला, हे धरून बोला. पाडकामाचा राडारोडा फोडून खडी करता येते, रस्त्याखाली भरायला, साध्या काँक्रीटला चालते, फक्त पाडतानाच लाकूड, प्लॅस्टर, वीट वेगळी करायला हवी आणि ते कंटाळवाणं काम कोणाला नको असतं. आणि मला सगळ्यात पटतो तो उपाय कोणीच विकत नाही, कारण त्यात विकायला काही नाही, तो म्हणजे धडधाकट इमारत न पाडणं. डागडुजीचं एस्टिमेट आणि नव्या बांधकामाचं एस्टिमेट शेजारी ठेवलं की नवं स्वस्त दिसतं बऱ्याचदा. ते स्वस्त का दिसतं, याबद्दलच तर एवढा वेळ बोललो. चला, पाणी पितो, तोवर प्रश्न काढा.