हरलेले ४४ शनिवार

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका हरणाऱ्या संघाबद्दल बोलायचं आहे. एखाददुसरा सामना हरलेला नव्हे, लागोपाठ ४४ सामने हरलेला संघ. पुन्हा सांगतो, चव्वेचाळीस. मध्ये एकही विजय नाही, एकही बरोबरी नाही.

हा संघ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथे शिकले, म्हणून हे नाव आपल्याला घरचं. बाबासाहेब तिथे पोहोचले तेव्हा विद्यापीठात फुटबॉल बंद होता. खेळात मुलं जबर जखमी होत, म्हणून १९०५ मध्ये विद्यापीठानं तो थांबवला आणि १९१५ मध्ये पुन्हा सुरू केला. पुढे याच संघानं १ जानेवारी १९३४ ला स्टॅनफर्डला ७-० असं हरवून रोझ बोल हा मानाचा सामना जिंकला. म्हणजे संघ मुळात लेचापेचा नव्हता.

हा फुटबॉल आपला पायानं खेळायचा नव्हे. सोललेल्या नारळाच्या आकाराचा चेंडू छातीशी धरून पळायचं, समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं. चेंडू टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यावर लाथेनं चेंडू मैदानाच्या टोकाला असलेल्या गोलच्या खांबांमधून गेला की आणखी एक. आणि लांबूनच लाथेनं खांबांमधून घातला तर तीन. एवढं पुरे.

१५ ऑक्टोबर १९८३ ला कोलंबियानं येलला २१-१८ असं हरवलं. तो शेवटचा विजय. त्या हंगामाचे शेवटचे दोन सामने गेले. १९८४ मध्ये नऊच्या नऊ गेले. १९८५ मध्ये दहा, १९८६ मध्ये दहा, १९८७ मध्ये दहा. मोठ्या विद्यापीठांमध्ये सलग हारींचा विक्रम नॉर्थवेस्टर्नच्या नावावर होता, ३४ हारींचा. तोही १९८७ मध्ये कोलंबियानं मागे टाकला. ज्या मुलांनी १९८४ मध्ये प्रवेश घेतला, ती चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडली आणि तोवर या संघाच्या वाट्याला एकही विजय आला नाही. एकही नाही. तरी सरावाला ती जात राहिली. मला या मुलांबद्दल फार आदर वाटतो.

हरण्याची कारणं होती. कोलंबिया ज्या आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा आठ जुन्या विद्यापीठांच्या गटात खेळतं, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. शिवाय विद्यापीठ ११६व्या रस्त्यावर आणि मैदान मॅनहॅटनच्या पार उत्तर टोकाला, २१८व्या रस्त्यावर. सरावाला एवढं लांब जायचं, एवढं लांब यायचं. पण मैदान होतं, हे महत्त्वाचं! आपल्याकडे कितीतरी कॉलेजांची मैदानं लग्नांना भाड्यानं जातात, उरलेल्या जागेत गाड्या लागतात, आणि मग आपण विचारतो, पोरं मोबाइलवर का बसतात. मैदान हा कॉलेजचा वर्गच आहे, असं माझं ठाम मत आहे. असो.

आता ज्या सामन्यासाठी मी आज इथे बसलोय, तो सांगतो.

८ ऑक्टोबर १९८८, शनिवार. कोलंबियाच्या मैदानावर प्रिन्स्टनचा संघ आलेला. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा दिवस. १७ हजारांचं नवं स्टेडियम १९८४ मध्ये बांधून झालेलं, पण त्यात यजमानांना अजून एकही विजय मिळालेला नाही. त्या हंगामाचेही पहिले तीन सामने गेलेले. हिशेब ४४ वर.

प्रिन्स्टनचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, होता जेसन गॅरेट. पुढे डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला तोच. याचे वडील जिम गॅरेट १९८५ मध्ये कोलंबियाचे प्रशिक्षक होते. पहिल्याच सामन्यात हार्वर्डविरुद्ध १७-० अशी आघाडी घेऊन संघ ४९-१७ असा हरला, आणि वडिलांनी पत्रकारांसमोर आपल्याच खेळाडूंना नको ते बोललं. विशीतल्या पोरांना असं चारचौघांत बोलू नये, कितीही राग आलेला असो. हंगाम संपताच ते पायउतार झाले. वडिलांपाठोपाठ कोलंबियात आलेला जेसन प्रिन्स्टनला परतला. आणि आज तोच समोर उभा.

सामन्याच्या चार भागांपैकी शेवटच्या भागात प्रिन्स्टन १३, कोलंबिया ९. चार गुणांनी मागे. प्रेक्षकांना हे चित्र पाठ होतं, असे सामने त्यांनी खूप पाहिले होते. पण या वेळी कोलंबियाची पोरं थोडं थोडं करत पुढे सरकत राहिली. पाच यार्ड, तीन यार्ड, पुन्हा चार. रेषा दोन यार्डांवर आली. आणि पाच मिनिटांहून थोडा वेळ उरलेला असताना सॉलोमन जॉन्सननं चेंडू पोटाशी धरून मुसंडी मारली. टचडाउन! वरचा एक गुणही मिळाला. कोलंबिया १६, प्रिन्स्टन १३.

पाच मिनिटं. श्रोतेहो, पाच वर्षं वाट पाहिलेल्यांना ती पाच मिनिटं किती लांब वाटली असतील! प्रिन्स्टन पुन्हा चाल करून आलं. अगदी शेवटच्या क्षणी बरोबरीसाठी त्यांनी लांबून लाथेनं चेंडू मारला. तीन गुण मिळाले असते तर १६-१६. चेंडू वर गेला, सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि तो खांबांच्या अलीकडेच पडला. तोकडा पडला!

१६-१३. सोळा-तेरा. कोलंबिया जिंकलं.

लोक कठड्यांवरून उड्या टाकून मैदानात शिरले. पोरांनी गोलचे खांबच उपटून काढले. गर्दीत कोण खेळाडू, कोण विद्यार्थी, कोण वीस वर्षांपूर्वीचा माजी विद्यार्थी, काही कळेना. आधीच्या चार वर्षांत पदवी घेऊन गेलेल्यांपैकी कितीजण त्या दिवशी स्टँडमध्ये असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्यांनी इतके सामने हरूनही पुढच्या सोमवारी बूट बांधले, ती मुलं. खांबाला हात लावायचा पहिला मान त्यांचा होता.

पुढे टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाचा संघ लागोपाठ ८० सामने हरला आणि १९९८ मध्ये जिंकला, त्यांची गोष्ट पुन्हा केव्हातरी. कोलंबियाचा तो १९८८ चा हंगाम दहा सामन्यांचा होता. त्यांतले आठ ते हरले, दोन जिंकले.

नमस्कार.