आर, एस आणि सी

नमस्कार श्रोतेहो.

विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसलेल्या माणसाकडे लोक कसं बघतात, ते मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. कारण आधी मी बघणाऱ्यांतली होते.

मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानाच्या दारापाशी व्हीलचेअरची रांग लागते, ती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजी, मांडीवर डिंकाच्या लाडवांची पिशवी, शेजारच्या खुर्चीत स्वेटर घातलेले आजोबा. एकदा मी नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले होते, "अरे, हे दोघं परवा पर्वती चढून आले असतील!" आम्ही दोघंही हसलो होतो.

त्यानंतर दोनच वर्षांत मला संधिवात झाला. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. या आजाराची गंमत म्हणजे तो घड्याळ बघून वागतो. सकाळी सातला माझ्याच्याने दुधाची पिशवी कापवत नाही, आणि दुपारी चारला मी मंडईतून भाजी घेऊन येते. मला चारला बघणाऱ्याला सातचं खरं वाटत नाही. त्याचा तरी काय दोष?

व्हीलचेअर मागायला मला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत मी विमानतळांवरचे न संपणारे कॉरिडॉर दातओठ खात चालले आणि पोचल्यावर दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळले. पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "धडधाकट तर दिसतायत." आवाज पुरुषाचा होता, पण शब्द माझेच होते.

आता कामाचं बोलते. तिकीट काढताना व्हीलचेअरच्या रकान्यात तीन पर्याय असतात. इंग्रजी अक्षरांनी ओळखायचे तर आर, एस आणि सी. आर म्हणजे रॅम्प: या प्रवाशाला लांब चालवत नाही, पण तो जिना चढतो. एस म्हणजे स्टेप्स: जिनाही चढवत नाही, पण विमानात शिरल्यावर आपल्या जागेपर्यंत तो चालतो. सी म्हणजे केबिन: त्याला थेट आसनापर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी विमानातल्या बोळातून जाईल अशी एक अरुंद खुर्ची असते.

ही अक्षरं मी एवढी पाठ का केली, ते सांगते. मी बापडी नेहमी आर टाकायची. वाटायचं, उगाच जास्त कशाला मागा. एकदा पहाटेच्या विमानाने निघाले. विमानतळाचं नाव घेत नाही. व्हीलचेअरवाल्या मुलाने मला बसपर्यंत आणलं, बसने विमानापर्यंत, आणि पुढ्यात शिडी. मी मुलाकडे बघितलं, मुलाने हातातल्या कागदाकडे. "मावशी, तुमचं आर आहे. एस असतं तर गाडी आली असती." गाडी म्हणजे अँब्युलिफ्ट, जिची अख्खी खोली विमानाच्या दारापर्यंत उचलली जाते. पहाटे साडेपाचला, कडक झालेल्या गुडघ्यांनी, कठड्याला लोंबकळत मी ती शिडी चढले. मागे सगळी बस खोळंबलेली. तो मुलगा माझ्या मागोमाग एकेक पायरी चढत होता, मी पडलेच तर झेलायला. वजनाने माझ्या निम्मा असेल बिचारा.

विमानाला एरोब्रिज, म्हणजे थेट दाराला जोडणारा बंदिस्त पूल, मिळणार की शिडी, हे तिकीट काढताना कळत नाही. मग आपला सगळ्यात वाईट तास धरून अक्षर निवडावं. मी आता पहाटेचं विमानच घेत नाही. तिकीट दीड-दोन हजारांनी महाग पडतं, पण दुपारचं घेते.

मदत किमान 48 तास आधी मागावी. तिकिटावर तशी नोंद झाली का, हे आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारावं. ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडून याचे पैसे घेत नाहीत. आणि एक मजा सांगते. संकटकाळी उघडायच्या दाराजवळची जागा, जिथे पाय ऐसपैस पसरता येतात, ती व्हीलचेअरवाल्याला मिळत नाही. नियम बरोबर आहे, ते दार आम्ही काय उघडणार. पण ज्याचे गुडघे धड आहेत त्यालाच पाय लांब करायला जागा, हे बघून हसू येतं.

औषधं हातातल्या बॅगेत. सामानाच्या बॅगेत कधीच नाही. ती बॅग दुसऱ्या गावी गेली तर आपण काय गिळणार? इन्शुलिन तर विमानाच्या पोटात गोठूही शकतं आणि गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. माझं इंजेक्शन फ्रिजमधलं. ते गार पिशवीत, बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी. ज्यांचे गुडघे बदललेत त्यांनी तपासणीच्या चौकटीत शिरायच्या आधीच सांगावं, कारण आतला धातू वाजतो.

दमा, फुप्फुसांचा किंवा हृदयाचा आजार असेल तर जास्त जपावं लागतं. विमान उंचावर असताना आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच राहतो. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे सुमारे 5400 फूट. खुर्चीत बसल्या बसल्या आपण महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर असतो, आणि तेही तासन् तास. निरोगी माणसाला जाणवत नाही, पण ज्याला घरीच ऑक्सिजन लागतो त्याला जाणवतं. घरचं सिलिंडर विमानात चालत नाही. बॅटरीवरचं ऑक्सिजनचं छोटं यंत्र चालतं, पण आधी कळवून. डॉक्टरांनी भरायचा एक फॉर्मही असतो, त्याला मेडिफ म्हणतात. तो आठवडाभर आधी मागून घ्यावा.

बाथरूमला जायला नको म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका मला प्रत्येक प्रवासात भेटतात. मीही त्यातलीच होते. विमानातली हवा कोरडी ठाक, त्यात पाय तासन् तास लोंबते, आणि पाणी नाही. पायात रक्ताची गुठळी व्हायला आणखी काय लागतं? खुर्ची ढकलणाऱ्या मुलाला सरळ सांगावं, "बाळा, आधी बाथरूमकडे ने." ते त्यांच्या कामातच येतं, कुणी तोंड वाकडं करत नाही.

खुर्चीत बसल्यावर एक विचित्र गोष्ट होते. लोक आपल्या डोक्यावरून बोलायला लागतात. काउंटरवरची मुलगी माझ्या नवऱ्याला विचारते, "यांना खिडकी हवी का?" मी तिथेच असते! संधिवात बोटांत आहे, जिभेत नाही. दुसरं म्हणजे, आपल्याला कुठेतरी खांबाशी लावून ठेवतात, तेही कधीकधी भिंतीकडे तोंड करून. "दहा मिनिटांत येतो," म्हणून गेलेला मुलगा चाळीस मिनिटांनी उगवतो, कारण त्याच्या वाट्याला आणखी तिघं असतात. तो नालासोपाऱ्याहून पहिली लोकल पकडून आलेला असतो. त्याच्यावर चिडायचं नाही, हे मी ठरवलंय. मात्र पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि फोन आपल्याच मांडीवर ठेवायचा. आणि विमान बदलायचं असेल तर मधे दोन-अडीच तास तरी हवेत, कारण आपण चढतो पहिले आणि उतरतो शेवटी.

फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईत काय झालं, ते आठवत असेल. न्यूयॉर्कहून ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह उतरले. दोघांसाठी व्हीलचेअर सांगितली होती, तेव्हा मिळाली एकच. ती त्यांनी पत्नीला दिली, स्वतः शेजारून चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि वारले. पुढे विमान कंपनीला 30 लाखांचा दंड झाला.

ती बातमी वाचली आणि पर्वतीचा माझा तो विनोद आठवला. लाडवांची पिशवी घेतलेल्या त्या आजीला मी आजही खोटारडी म्हणणार नाही. अनोळखी देश, अनोळखी भाषा, मधे विमान बदलायचं. तिची भीती खरीच आहे. पण तिला हवा असतो वाटाड्या, आणि त्यासाठी वेगळी सोय आहे. तिला मीट अँड असिस्ट म्हणतात. माणूस बरोबर चालतो, वाट दाखवतो, कागद भरायला मदत करतो. परदेशातल्या मुलांनो, तिकीट काढताना आई-बाबांना चालवतं का, एवढं त्यांनाच विचारा. चालवत असेल तर खुर्चीऐवजी ती सोय मागा. एक खुर्ची मोकळी राहील.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, नागपूरला. पुण्याहून दुपारी अडीचचं विमान. नवरा तिकीट काढत होता, मी शेजारी बसले होते. त्याने नेहमीसारखं आर वर बोट ठेवलं. मी म्हटलं, "थांब. एस."

नमस्कार.