बाल्मासेदा: नदीने वाट दिली, वाटेने गाव दिलं

नमस्कार मंडळी. हा पूल जरा नीट बघा. तीन दगडी कमानी आहेत, मधली सगळ्यात उंच, म्हणून पूल मध्येच उंटाच्या पाठीसारखा वर चढतो. आणि पुलावरच उभा आहे हा बुरूज. पलीकडे जायचं तर बुरुजाच्या पोटातल्या कमानीखालूनच जावं लागतं. मध्ययुगातला जकात नाकाच म्हणा ना!

गावाचं नाव बाल्मासेदा. उत्तर स्पेनमधला बास्क मुलूख, बिस्काया प्रांत. बिल्बाओहून साधारण तीस किलोमीटर. नदी कादागुआ.

नदीकाठचं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर होड्या येतात, धक्का येतो. इथे यातलं काहीच नाही. कादागुआ ही डोंगरातली छोटी नदी, मालाची गलबतं तिच्यातून इथवर येणं शक्यच नव्हतं. मग गाव नेमकं इथेच का वसलं?

दक्षिणेला कॅस्टिलचं उंच पठार, उत्तरेला समुद्र आणि मध्ये डोंगरच डोंगर. पठारावरून मेना खोऱ्यात उतरलात की पुढे कादागुआच्या काठाकाठाने चालत राहायचं. सरळ घाटवाटच ही. रोमन लोकांचा रस्ताही याच बाजूने आजच्या कास्त्रो उर्दियालेस बंदराकडे जायचा. पुढे शतकानुशतकं वरून लोकर आणि धान्य खाली उतरत राहिलं, खालून मासळी आणि लोखंड वर चढत राहिलं. बाल्मासेदा आहे तिथे खोरं अरुंद होतं. वाट, नदी आणि डोंगर एकमेकांना खेटतात. नाका बसवायला याहून चांगली जागा कुठली?

ही जागा हेरली बोर्तेदोचा सरदार लोपे सांचेस दे मेना याने. साल ११९९. त्याने इथे गाव वसवलं, अख्ख्या बिस्कायातलं पहिलं सनदी गाव. बिल्बाओची सनद १३०० सालची, म्हणजे एकशे एक वर्षं धाकटी!

आता ही सनद म्हणजे काय? आपल्याकडे पेठ वसवताना कौल, म्हणजे हक्क-सवलतींचं लेखी वचन द्यायचे, तसंच. त्याने लोग्रोन्यो शहराचा कायदा इथे लागू केला. त्यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या काळी खरं-खोटं ठरवायला माणसाच्या हातात तापलेलं लोखंड द्यायचे, नाहीतर उकळत्या पाण्यात हात घालायला लावायचे. लोग्रोन्योच्या कायद्याने रहिवाशांना या दिव्यांतून सोडवलं. शिवाय जमीन विकत घ्यायची मोकळीक दिली. व्यापारी, कारागीर अशा ठिकाणी का येणार नाहीत?

गावाची आखणीही वाटेनेच ठरवली. जुने रस्ते नदीला समांतर, लांबच लांब. वर टेकडीवर किल्ला, त्याचे अवशेष अजून आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्याच लेओन प्रांताचा कोळसा बिल्बाओच्या कारखान्यांकडे न्यायला रेल्वे आली, तीही याच खोऱ्यातून. प्रवास लांबचा, थंडी कडाक्याची. गाडीवरच्या माणसांनी काय करावं? इंजिनाची वाफ नळीने भांड्याला जोडून राजमा शिजवायला घेतला! त्या भांड्याला म्हणतात पुचेरा. दरवर्षी २३ ऑक्टोबरला, सान सेवेरिनोच्या दिवशी, गावात पुचेरांची स्पर्धा भरते. आता वाफेऐवजी खाली कोळसा असतो. सकाळपासून भांडी रटरटत असतात, आणि दुपारी झाकणं उघडली की सगळ्या चौकात राजम्याचा वास सुटतो.