एक्स = ३ : उभ्या रेषेचा आलेख

(पडद्यावर: गोव्याचा नकाशा, त्यावर तीन ठिपके.)

साखळी, फोंडा, कुंकळ्ळी. एक डिचोली तालुक्यात, दुसरं फोंडा तालुक्यात, तिसरं सासष्टीत. पण तिन्ही ७४ अंश पूर्व रेखांशाच्या अगदी लगत. अक्षांश तेवढा बदलतो: साखळीचा सुमारे १५.६, फोंड्याचा १५.४, कुंकळ्ळीचा १५.२. आलेखावरची उभी रेषा अशीच असते. एक्स ठरलेला, वाय मोकळा.

मात्र मोबाईलवरचा नकाशा आधी अक्षांश दाखवतो, मग रेखांश. आलेखात एक्स आधी लिहायचा. आकडे त्याच क्रमाने उतरवले, तर हीच गावं आडव्या ओळीत जाऊन बसतात.

(पडद्यावर: आलेख कागद, पट्टी, टोकदार पेन्सिल.)

आता एक्स = ३ काढू. दोन्ही अक्षांवर १ सेंटीमीटर = १ एकक, हे प्रमाण आधीच कोपऱ्यात लिहा.

समीकरणात वाय दिसत नाही. म्हणून काही मुलं तो शून्य धरतात, (३, ०) हा एकच ठिपका देतात आणि तिथेच थांबतात. खरं तर वायवर अटच नाही. त्याला हवी ती किंमत द्या. (३, ४), (३, ०), (३, −२). रेषेला दोन बिंदू पुरतात, तिसरा पडताळ्यासाठी.

पट्टी बिंदूंवर घट्ट टेकवू नका. शिसाच्या जाडीपुरती जागा सोडा, नाहीतर अख्खी रेषा बाजूला सरकते. मग वाय-अक्षापासूनचं अंतर वर मोजा, खाली मोजा. दोन्हीकडे ३ सेंटीमीटर हवं. वर ३ आणि खाली ३.१ भरलं, तर रेषा कलली आहे. दोन्ही टोकांना बाण, शेजारी समीकरण.

सगळ्यात जास्त गुण जातात ते वेगळ्याच चुकीपायी. एक्स-अक्ष आडवा, म्हणून एक्स = ३ सुद्धा आडवी काढली जाते. ती रेषा वाय = ३ ची. तिच्यावरचे दोन-तीन बिंदू वाचून बघा: एक्स १ होतो, २ होतो, ५ होतो. समीकरण तर त्याला ३ वरून हलूच देत नाही.

२एक्स + ५ = ० आलं, तर आधी सोडवा: एक्स = −२.५. आरंभबिंदूपासून डावीकडे २५ बारीक घरं, आणि तिथून उभी रेषा.

(पडद्यावर: (३, ४) आणि (३, −२) ठळक होतात.)

चढ म्हणजे वायमधला फरक भागिले एक्समधला फरक. इथे वायमधला फरक ६, एक्समधला ०. शून्याने भागता येत नाही, म्हणून उत्तरात ‘चढ शून्य’ लिहू नका. शून्य चढ आडव्या रेषेचा. उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही. याच कारणाने ती वाय = एम एक्स + सी (एम म्हणजे चढ) या रूपात लिहिता येत नाही. जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थेट एक्स = ३ टाइप करा, रेषा येते. आलेख काढणाऱ्या ज्या कॅल्क्युलेटरमध्ये समीकरण ‘वाय =’ नेच सुरू करावं लागतं, त्या चौकटीत ती मावत नाही.